रिपोर्ट कोरा आला, तरी गोळी का थांबवायची नाही?



१ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन. त्या निमित्ताने या अंकात एका प्रश्नाविषयी लिहीत आहोत. पिंपळी, बारामती व इंदापूर भागातल्या वस्त्यांवर आणि ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर भेटी देताना हा प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. "ताई, रक्तात विषाणू नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं. मग गोळी अजून किती दिवस खायची?"

हा प्रश्न प्रथम ज्या बहिणीने विचारला, तिची हकिगत तिच्या परवानगीने, नाव-गाव न देता सांगतो. टोळीबरोबर ती दर हंगामात आपल्या भागात येते. गरोदरपणातल्या तपासणीत तिला एचआयव्ही असल्याचे कळले. तिने सरकारी केंद्रातून गोळ्या सुरू केल्या आणि नियमाने घेतल्या. बाळ निरोगी जन्मले. पुढे तिचा रिपोर्ट आला, त्यात विषाणू आढळला नाही असे लिहिले होते. तिने उपासनेत उभे राहून साक्ष दिली, मंडळीने टाळ्या वाजवून देवाचे आभार मानले. कोणीतरी प्रेमाने म्हणाले, "आता बरी झालीस, आता औषध कशाला?" तिने गोळ्या सोडल्या. पुढच्या हंगामात ती परत आली तेव्हा तिला ओळखणे कठीण झाले होते. वजन उतरले होते, रोज संध्याकाळी ताप येत होता, आणि तपासणीत क्षयरोग निघाला. रक्तातला विषाणू पुन्हा हजारोंच्या संख्येत होता.

देवाच्या कृपेने ती आज बरी आहे, दोन्ही औषधे वेळेवर घेते आणि कोयताही पुन्हा हातात धरते. पण ते सात-आठ महिने तिच्यावर यायला नको होते. तिचा विश्वास कमी पडला नव्हता आणि रिपोर्टही खोटा नव्हता. रिपोर्टाचा अर्थ तिला कोणी समजावला नव्हता, आणि साक्ष ऐकणाऱ्या आम्हालाही तो नीट ठाऊक नव्हता. म्हणून हा लेख.

विषाणू लपतो कुठे?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांपैकी सीडी४ नावाच्या पेशी शरीराच्या पहारेकऱ्यांना हुकूम देणाऱ्या असतात. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही नेमका याच पेशींत शिरतो. आत गेल्यावर तो आपला मजकूर पेशीच्या डीएनएमध्ये, म्हणजे तिच्या मूळ वहीतच, लिहून टाकतो. त्यानंतर ती पेशी विषाणूच्या हजारो प्रती तयार करते आणि बहुधा स्वतः मरते. उपचार नसेल तर अशा पेशी वर्षानुवर्षे घटत जातात आणि शेवटी साध्या रोगाशीही लढायला शरीरात बळ उरत नाही. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

पण सगळ्याच पेशी मरत नाहीत. काही सीडी४ पेशी पूर्वीच्या आजारांची आठवण ठेवण्यासाठी विसावलेल्या असतात. गोवर किंवा कांजिण्या एकदा होऊन गेल्या की शरीर त्यांना वर्षानुवर्षे ओळखते, ते अशाच स्मरण पेशींच्या जोरावर. विषाणूचा मजकूर अशा एखाद्या पेशीच्या डीएनएमध्ये लिहिला गेला आणि ती पेशी विसावली, तर विषाणूही तिच्याबरोबर झोपतो. तो प्रती काढत नाही, बाहेर काही खूण दाखवत नाही. शरीराच्या पहारेकऱ्यांना ती पेशी आपलीच वाटते. आणि एआरटीच्या गोळ्या तर विषाणू नवी प्रत काढू लागला किंवा नव्या पेशीत शिरू लागला की त्याला अडवतात. जो झोपला आहे त्याला त्या काहीच करू शकत नाहीत.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे लव्हाळ्यावरून लगेच कळेल. उसाच्या सरीत लव्हाळा माजला की आपण खुरपून काढतो. रान स्वच्छ दिसते. पण जमिनीखाली त्याच्या गाठी राहिलेल्या असतात. खुरपणी चालू आहे तोवर पीक जोमात असते. खुरपणी सोडली आणि एक पाणी दिले की महिन्याभरात रान पुन्हा हिरवे, आणि ते हिरवेपण उसाचे नसते. रिपोर्टमध्ये "विषाणू आढळला नाही" असे येते, तेव्हा त्याचा अर्थ रान वरून स्वच्छ आहे एवढाच. ही तपासणी रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या विषाणूंची असते. पेशींच्या आत, लसिका गाठींत आणि आतड्याच्या अस्तरात जे झोपले आहेत, ते या तपासणीत दिसत नाहीत.

पुण्यात १९९७ साली काय आढळले?

हे सगळे ज्ञान दूरदेशीच मिळाले असे समजू नये. त्याचा एक महत्त्वाचा भाग आपल्याच जिल्ह्यात घडला आहे.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. १९९२ साली पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजेच 'नारी', स्थापन झाली. या संस्थेने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत मोठा अभ्यास केला. एचआयव्हीची नेहमीची चाचणी विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून अगदी नवा संसर्ग झालेल्या माणसाची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. पुण्याच्या संशोधकांनी निगेटिव्ह आलेल्या नमुन्यांतच विषाणूचे 'पी२४' हे प्रथिन शोधले आणि असे नवे संसर्ग पकडले. त्या रुग्णांत ताप, सांधेदुखी आणि रात्रीचा घाम ही लक्षणे अधिक दिसली. १९९७ साली हा अभ्यास अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

त्याच वर्षी पुण्याच्याच दवाखान्यांतला आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या दवाखान्यांत येणाऱ्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग होता. त्यांतल्या बहुतेक विवाहित होत्या आणि आयुष्यात एकाच पुरुषाच्या, आपल्या नवऱ्याच्या, सोबत राहिलेल्या होत्या. मंडळीत या आजाराविषयी बोलताना "काहीतरी केलं असेल" असे शब्द अजूनही कानावर येतात. पुण्याच्या त्या आकड्याने पंचवीस वर्षांपूर्वीच त्यांना उत्तर दिले आहे.

आणि १९९७ सालीच जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. रॉबर्ट सिलिसियानो यांच्या प्रयोगशाळेसह तीन गटांनी दाखवून दिले की चांगला उपचार चालू असलेल्या रुग्णांतही विसावलेल्या पेशींत जिवंत विषाणू शिल्लक असतो. त्याचे प्रमाण फार थोडे, साधारण दहा लाख विसावलेल्या पेशींमागे एक. पण उपचार थांबला तर पुन्हा पेटायला तेवढे पुरेसे असते. पुढे मोजून पाहिले तेव्हा उपचारावर असताना हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात असे दिसले. त्या गतीने तो पूर्ण संपायला सत्तरहून अधिक वर्षे लागतील. शिवाय या पेशी स्वतः विभागतात तेव्हा त्यांच्यातला विषाणूचा मजकूरही दोन्ही पेशींत उतरतो, जशी लव्हाळ्याची एक गाठ पुढे अनेक गाठी करते. म्हणूनच साठा सहजी आटत नाही.

लवकर उपचार केला तर साठा लहान राहतो का?

होय, लहान राहतो. मात्र शून्य होत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवायच्या आहेत.

संसर्गानंतरच्या पहिल्या आठवड्यांत विषाणू वेगाने वाढतो आणि रोज नव्या पेशींत शिरतो. त्याच वेळी साठ्यात भर पडत असते. गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील, तितक्या कमी पेशी बाधित होतात. नुकताच लव्हाळा शिरलेल्या रानात चार-दोन गाठी असतात, दहा वर्षे माजलेल्या रानात त्यांचा थर बसलेला असतो, तसाच हा फरक आहे. साठा लहान असण्याबरोबर आणखी लाभ होतात. आतड्यातल्या आणि लसिका गाठींतल्या संरक्षक पेशींची हानी कमी होते, विषाणूला रूपे बदलायला वेळ कमी मिळतो आणि शरीराची घडी लवकर बसते.

थायलंडमध्ये बँकॉक येथे २००९ पासून एक अभ्यास चालू झाला. त्यात संसर्ग झाल्यावर अवघ्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत लोकांना शोधून लगेच उपचार दिला गेला. त्यांच्यातला लपलेला साठा उशिरा उपचार मिळालेल्यांपेक्षा कितीतरी पट लहान आढळला. मग प्रश्न आला, एवढ्या लहान साठ्यावर औषध थांबवता येईल का? अगदी पहिल्या टप्प्यात, प्रतिद्रव्येही तयार होण्यापूर्वी उपचार मिळालेल्या आठ जणांनी दोन वर्षांहून अधिक काळ गोळ्या घेतल्यानंतर डॉक्टरांच्या काटेकोर देखरेखीखाली त्या थांबवल्या. आठही जणांत विषाणू परत आला, बहुतेकांत महिन्याभरातच. सर्वांना ताबडतोब पुन्हा गोळ्या दिल्या गेल्या. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

साठा किती लवकर बनतो हे माकडांवरच्या एका प्रयोगातून २०१४ साली दिसले. एचआयव्हीसारख्याच विषाणूचा संसर्ग झाल्यावर तिसऱ्याच दिवशी, रक्तात विषाणू दिसण्याआधी, औषध सुरू केले होते. तरीही औषध थांबवल्यावर विषाणू परत आला. उशिरा औषध मिळालेल्या माकडांपेक्षा तो थोडा उशिरा आला, पण आला.

याला थोडे अपवादही आहेत. फ्रान्समध्ये १४ जणांना संसर्गानंतर पहिल्या काही आठवड्यांत उपचार मिळाला होता. काही वर्षांनी त्यांचे औषध थांबले, तरी त्यानंतर अनेक वर्षे त्यांच्या शरीराने विषाणू आटोक्यात ठेवला. त्यांच्याही पेशींत साठा होताच, फक्त तो डोके वर काढत नव्हता. असे लोक फार विरळ असतात आणि आपण त्यांच्यापैकी आहोत का हे आधी सांगणारी कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. म्हणून त्यांचे उदाहरण घेऊन कोणी स्वतःवर प्रयोग करू नये.

लहान बाळांची गोष्ट

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २०१० साली जन्मलेल्या एका मुलीची हकिगत जगभर गाजली. तिच्या आईवर गरोदरपणात उपचार झाला नव्हता. बाळाला जन्मानंतर सुमारे ३० तासांत तीन औषधे सुरू केली. दीड वर्षाची असताना तिचे औषध सुटले, पण नंतर तपासले तेव्हा रक्तात विषाणू नव्हता. दोन वर्षांहून अधिक काळ तो आढळला नाही आणि ती बरी झाली असेच सर्वांना वाटले. जुलै २०१४ मध्ये नेहमीच्या तपासणीत विषाणू पुन्हा दिसला. तिच्यावर पुन्हा उपचार सुरू झाला. तेवढ्या लहान जीवात, तेवढ्या लवकर उपचार मिळूनही, कुठल्यातरी पेशीत तो सव्वादोन वर्षे झोपून होता.

त्या मुलीमुळे पुढचा अभ्यास उभा राहिला. जन्मानंतर ४८ तासांत उपचार मिळालेल्या मुलांपैकी सहा जणांचे औषध पुढे देखरेखीखाली थांबवले गेले. २०२४ साली जाहीर झाले की त्यांतल्या चौघांत ४८ आठवड्यांहून अधिक काळ विषाणू परत आला नाही. त्या चौघांपैकी एकात तो ८० आठवड्यांनी परतला. आशा वाटावी अशी ही बातमी आहे, पण ही मुले दर थोड्या दिवसांनी तपासली जात होती. आपल्या वस्तीवरच्या मुलाचे औषध घरी थांबवण्याशी तिचा काही संबंध नाही.

आपल्याकडे बाळासाठी सर्वांत मोठा आशीर्वाद वेगळाच आहे. आईला गरोदरपणात लवकर गोळ्या मिळाल्या आणि तिच्या रक्तातला विषाणू दबला, तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता फारच कमी होते. जन्मल्याबरोबर बाळालाही काही आठवडे औषध दिले जाते. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे ठिपके कागदावर घेऊन बाळाची तपासणी करता येते आणि पुढे अठरा महिन्यांपर्यंत ठरावीक टप्प्यांवर ती पुन्हा होते. हे सर्व सरकारी रुग्णालयात मोफत आहे. आपल्या त्या बहिणीचे बाळ याच वाटेने वाचले. गोळ्यांनी तिच्यासाठी काय केले याची सर्वांत मोठी साक्ष ते बाळ आहे.

मग लवकर सुरू करून काय मिळते?

काही जण म्हणतात, "साठा संपतच नाही, तर घाई कशाला?" याचे उत्तर दोन मोठ्या अभ्यासांनी दिले आहे.

पहिल्यात आपले पुणे होते. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर हा अभ्यास झाला, आणि भारतातल्या केंद्रांत पुण्याचे नारी व चेन्नई यांचा समावेश होता. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. काहींना लगेच उपचार दिला, काहींना त्या वेळच्या रीतीप्रमाणे सीडी४ घटल्यावर. २०११ साली निष्कर्ष आला की लगेच उपचार मिळालेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी झाला. पुण्यातल्या ज्या नवराबायकोंनी या अभ्यासात भाग घेतला, त्यांची नावे आपल्याला कधी कळणार नाहीत. पण आज जगभर एचआयव्ही असलेली माणसे निर्धास्तपणे संसार करतात, त्यात त्यांचा वाटा आहे.

दुसरा अभ्यास ३५ देशांत ४,६८५ लोकांवर झाला आणि त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. सीडी४ चांगले असतानाच उपचार सुरू केलेल्यांत गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण, थांबून सुरू करणाऱ्यांपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होते.

याच पुराव्यावर सरकारी धोरण बदलत गेले. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी सुरू झाली. सुरुवातीला सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर गोळ्या मिळत. पुढे ही मर्यादा ३५० आणि मग ५०० झाली. २०१७ पासून संसर्ग आढळला की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करता येतो. आज बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा मिळतात. पूर्वी मूठभर गोळ्या आणि हजारोंचा खर्च पाहिलेल्यांना याचे मोल कळेल.

औषध मध्येच थांबवण्याचेही फळ मोजले गेले आहे. ५,४७२ लोकांवरच्या एका अभ्यासात अर्ध्या लोकांनी सीडी४ वाढले की औषध थांबवायचे आणि घटले की पुन्हा घ्यायचे, अशी पद्धत ठेवली. २००६ साली हा भाग मध्येच बंद करावा लागला, कारण त्या गटात आजार व मृत्यू यांचा धोका अडीच पटींहून अधिक झाला होता. गोळ्या धरसोड करून घेतल्या तर आणखी एक संकट येते. अर्धवट औषधात वाढणारा विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो.

ज्यांचा उपचार उशिरा सुरू झाला, त्यांनी हे वाचून निराश होऊ नये. साठा मोठा असला तरी गोळी त्याला तितकीच दाबून ठेवते. उशिरा सुरू करूनही नातवंडे खेळवणारी माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत.

विश्वास आणि गोळी

हा भाग लिहिताना आमच्या मनात थोडा संकोच आहे, तरी लिहिणे भाग आहे. आपण प्रार्थनेवर विश्वास ठेवणारे लोक आहोत. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे आपण सोडणार नाही. पण कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर प्रभूने त्याला याजकाकडे दाखवायला पाठवले, हेही आपण शुभवर्तमानात वाचतो. त्या काळी शरीर तपासून निर्णय देण्याचे काम याजकाचे होते. आज ते काम एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांचे आहे. गोळी थांबवायची की नाही हे सभेत ठरवायचे नाही, पाळकांनी ठरवायचे नाही आणि शेजाऱ्यांनीही नाही.

कोणी "विषाणू आढळला नाही" असा रिपोर्ट घेऊन आले तर आपण अवश्य आनंद करावा, देवाचे उपकार मानावेत. त्याच वेळी एक वाक्य जोडावे, "गोळी चालू आहे ना?" आमच्या त्या बहिणीला त्या रविवारी हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर बरे झाले असते. विचारायला आम्हीच तिथे होतो.

आपण काय करू शकतो?

आपण ज्या पारधी, भिल्ल, ठाकर आणि इतर आदिवासी कुटुंबांत काम करतो, त्यांतली अनेक कुटुंबे हंगामाप्रमाणे फिरतात. दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि वाडे, टोळ्या, बैलगाड्या यांनी शिवार भरते. मुकादमाची उचल घेतलेल्या माणसाला एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. औषध संपले की केंद्र दोन जिल्हे दूर असते. विषाणू मात्र हंगाम संपायची वाट पाहत नाही. म्हणून काही साध्या गोष्टी:

१. गाव सोडण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्रात सांगावे. प्रकृती स्थिर असेल तर एकापेक्षा अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळण्याची सोय आहे, आणि दुसऱ्या केंद्राकडे नोंद बदलूनही घेता येते. उपचाराची पुस्तिका कपड्यांच्या गाठोड्यात आठवणीने ठेवावी.

२. तपासणी लवकर करावी. उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत समुपदेशन आणि एचआयव्ही चाचणी मोफत होते. धोका नुकताच घडला असेल तर पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी समुपदेशक सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी.

३. गरोदर बहिणींची पहिल्या तीन महिन्यांतच नोंदणी करून चाचणी व्हावी. टोळीतल्या स्त्रियांना केंद्रापर्यंत नेणारी एक सोबतीण मिळाली तर हे काम सहज होते.

४. क्षयरोग झालेल्या प्रत्येकाची एचआयव्ही चाचणी आणि एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाची क्षयरोगाची विचारपूस व्हावी. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप किंवा वजन घटणे दिसले की थांबू नये.

५. बलात्कारासारखी घटना घडली किंवा वापरलेली सुई टोचली, तर ७२ तासांच्या आत, शक्य तर काही तासांतच, सरकारी रुग्णालय गाठावे. तिथे २८ दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते. विषाणू पेशींत घर करण्यापूर्वीची ही एकच वेळ आहे. ती दवडू नये.

६. कोणाचे गुपित फोडू नये. २०१७ सालच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने एखाद्याची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करणे आणि नोकरी, शिक्षण किंवा उपचारात भेदभाव करणे यांना मनाई केली आहे. प्रार्थनेचा विषय म्हणूनही नाव घेऊ नये, ती व्यक्ती स्वतः सांगत असेल तरच घ्यावे.

माहिती हवी असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.

देशात आज सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी आहे. झोपलेल्या विषाणूला जागे करून मारण्याचे, किंवा त्याला कायमचे झोपवून ठेवण्याचे प्रयत्न जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहेत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके लोक कर्करोगासाठी केलेल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणातून पूर्ण मुक्तही झाले आहेत. पण तो उपचार स्वतःच जिवावर बेतणारा आहे, सर्वांसाठी नाही. खरा इलाज येईल तेव्हा तो ज्यांचा साठा लहान आहे आणि ज्यांचे शरीर शाबूत आहे त्यांना अधिक सोपा जाईल, असे अनेक संशोधकांना वाटते. तोवर आपल्या माणसांना टिकवून ठेवायचे आहे, रोज एका गोळीने.

या तिमाहीचे प्रार्थनेचे विषय: हंगामात आलेल्या टोळ्यांतल्या रुग्णांच्या औषधात खंड पडू नये. गरोदर बहिणींना वेळेवर तपासणी मिळावी. एआरटी केंद्रांतले डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांना धीर व बळ मिळावे. आणि आपल्या मंडळ्यांत कोणालाही आपला आजार लपवण्याची गरज वाटू नये.

आमची ती बहीण या हंगामातही आली आहे. मागच्या आठवड्यात कोपीवर गेलो तेव्हा चुलीशेजारी पत्र्याच्या डब्यात तिची गोळ्यांची बाटली दिसली. रात्री भाकरी झाल्यावर ती गोळी घेते. तिचा लहानगा आता तीन वर्षांचा आहे, आणि आईला आठवण करून देण्याचे काम त्याने आपणहून घेतले आहे.

प्रभूच्या सेवेत आपले,
आरोग्य विभागातील सेवक, पिंपळी